जीडीएमची टेस्ट मुळात आईसाठी होती

प्रेग्नन्सीत शुगर निघाली, म्हणजे जीडीएम (गरोदरपणात येणारा डायबेटिस) झाला, की सगळे बाळाबद्दलच बोलतात, बाळ मोठं होईल, सिझर करावं लागेल, जन्मल्यावर बाळाची शुगर उतरेल. ते खरंच आहे. पण डिलिव्हरी झाली, आईची शुगर नॉर्मल आली की विषय संपला असं धरतात आणि दीड महिन्याने करायची टेस्ट राहून जाते. मला हे फार खटकतं, कारण या आजाराचे आकडे ज्यांनी पहिल्यांदा ठरवले ते बाळाचं नाही, आईचं पुढे काय होतं हेच बघत होते.

पहिली नोंद १८२४ ची. बर्लिनच्या हाइनरिश बेनेविट्झने आपल्या प्रबंधात एका बाईची केस लिहिली, पाचवं गरोदरपण, काही केल्या तहान भागेना, लघवीत साखर, बाळ खूप मोठं आणि जन्मताना दगावलं. बाळंतपणानंतर बाईची साखर गेली. मग १८८२ मध्ये लंडनला मॅथ्यूज डंकनने अशा केसेस एकत्र मांडल्या आणि स्पष्ट लिहिलं की डायबेटिस गरोदरपणात येतो, बाळंतपणानंतर जातो आणि काही काळाने परतही येऊ शकतो. म्हणजे इन्सुलिन मिळायच्या ४० वर्षं आधी हे कागदावर होतं!

खरं काम झालं बॉस्टनमध्ये. जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्यासोबत आकडेवारी बघणाऱ्या क्लेअर माहान यांनी ७५२ गरोदर बायकांना १०० ग्रॅम ग्लुकोज पाजून उपाशीपोटी आणि मग तीन तास दर तासाला रक्त घेतलं, त्यावरून कटऑफ काढले, म्हणजे किती शुगरच्या वर आजार धरायचा ते आकडे, आणि ते बरोबर आहेत का हे कसं ठरवलं तर आधी तपासलेल्या दुसऱ्या १,०१३ बायकांना पुढे काही वर्षांत डायबेटिस झाला का ते बघून. १९६४ मध्ये हे छापून आलं. बाळाचं वजन त्या हिशोबात नव्हतंच.

नंतर गाडी बाळाकडे वळली, आणि त्यालाही कारण होतं. २००८ मध्ये हापो नावाचा मोठा अभ्यास आला, ९ देशांतल्या २५ हजारांच्या आसपास बायकांचा, त्यात दिसलं की आईची शुगर जशी वाढते तसा बाळाचा धोकाही वाढत जातो, मधे कुठे ठळक रेघ नाही. त्यावरून २०१० मध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या टेस्टचे नवे कटऑफ ठरले, २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते घेतले. चांगलंच झालं, पण आईचं पुढचं आयुष्य मागे पडलं ते पडलंच.

शुगर जाते आणि तरी परत का येते? वारेतून निघणारी हार्मोन्स इन्सुलिनचं काम अडवतात, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं, ज्या बाईच्या स्वादुपिंडाला ते जमत नाही तिची शुगर वाढते. वार पडली की अडथळा गेला. पण स्वादुपिंडाची कमजोरी कुठे गेली? ती तिथेच असते, वय आणि वजन वाढलं की उघडी पडते. २००९ चं लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातलं विश्लेषण सांगतं की या बायकांना पुढे टाइप २ डायबेटिसचा, म्हणजे नेहमीच्या कायम राहणाऱ्या डायबेटिसचा धोका इतरांच्या सातपट तरी असतो. आणि आपल्या पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात तर डिलिव्हरीनंतर काही वर्षांतच जवळपास निम्म्या बायकांना डायबेटिस निघाला होता.

भारतात हा विषय लावून धरला चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी. उपाशीपोटी परत या म्हटलं की गरोदर बाई परत येतेच असं नाही, म्हणून जेवण झालेलं असो नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि दोन तासांनी एकदाच बघा, १४० किंवा वर आली तर जीडीएम, अशी साधी पद्धत त्यांनी रुजवली. केंद्र सरकारच्या गाइडलाइननेही तीच घेतली आणि त्यात डिलिव्हरीनंतर ६ आठवड्यांनी परत ७५ ग्रॅमची टेस्ट सांगितली आहे. दोन तासांची शुगर १४० च्या आत तर नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या आधीची पायरी), २०० किंवा वर डायबेटिस. काही जणी त्याऐवजी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) करून घेतात, पण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, बऱ्याच जणींना अ‍ॅनिमिया असतो, त्यामुळे तेव्हा तो आकडा फसवा येऊ शकतो.

आता हे ६ आठवडे आपल्याकडे कसे जातात बघा. बाई माहेरी, फाइल सासरच्या गावातल्या डॉक्टरकडे, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, वर डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. बाळाचं दीड महिन्याचं लसीकरण मात्र कुणी चुकवत नाही, आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात त्याही मुख्यतः बाळासाठी. मला वाटतं त्याच लशीच्या दिवशी आईला ग्लुकोज पाजून दोन तास तिथेच बसवावं, वेगळी खेप कशाला हवी?

आणि लवकर कळलं तर करण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम या अभ्यासात पूर्वी जीडीएम झालेल्या आणि प्रीडायबेटिस असलेल्या बायका होत्या, त्यांच्यात आहार-व्यायामाने आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनेही डायबेटिसचा धोका जवळपास निम्मा झाला. ६ आठवड्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी पुढे दरवर्षी शुगर बघायची आहे आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस जायच्या आधीच एकदा करून घ्यायची.