लिंबू-मधाच्या पाण्याने चरबी वितळते का?

एका विनोदी कलाकाराने लग्नाआधी केवळ गरम पाण्यात लिंबू-मध घेऊन चरबी वितळवली, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. वस्तुस्थिती अशी की, पाणी कितीही गरम प्यायले तरी शरीर आपले तापमान ३७ अंशांच्या आसपासच राखते. उष्णतेने चरबी वितळत असती, तर मे महिन्यातील ४५ अंशांत सीताबर्डीला पायी जाणारा प्रत्येक नागपूरकर सडपातळ झाला असता. चरबी घटते ती खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेल्यावर, आणि मोठ्या चमचाभर मधात तर सुमारे ६० कॅलरी असतात. तर्री-पोह्यांऐवजी हे पेय घेणाऱ्याचे वजन उतरलेच, तर ते पोहे सुटल्यामुळे. खात्रीसाठी बाकी आहार न बदलता महिनाभर, रोज सकाळी ठरावीक वेळी, वजनकाट्यावरचा आकडा वहीत टिपून पाहावा.