उठूच देत नाही!

पुण्यातल्या गेमिंग कॅफेत तलवारबाजी रंगली की "गेम चीटिंग करतोय, उठूच देत नाही!" ही ओरड ठरलेली. मग सगळी बटणं बडवणं सुरू. मोजक्या गेममध्ये त्याने लवकर सुटका होते, बाकीच्यांत काडीचाही फरक पडत नाही. खोट गेम बनवणाऱ्याच्या हिशेबात असते.

फटका बसला की पात्र झोकांडी खातं आणि तेवढा वेळ हतबल असतं. हा स्टॅगर. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, धरा. तलवारीच्या वाराला ३६ फ्रेम लागतात: १० उगारायला, ४ लागायला, २२ सावरायला. स्टॅगर ४० फ्रेमचा असेल तर समोरचा मरेपर्यंत अडकला. ३०चा केला तर ६ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मिळतो. ढाल ३ फ्रेममध्ये उठत असेल तर तेवढं पुरतं. पण दोन शत्रू आलटून पालटून मारू लागले की दर १८ फ्रेमला फटका, आणि पुन्हा कोंडी.

म्हणून प्रत्येक फटक्याला झोकांडी न देता फटक्यांचे गुण एका मीटरमध्ये साठवायचे. २०११च्या 'डार्क सोल्स' या गेममधला पॉइज, २०१९च्या 'सेकिरो'मधलं पोश्चर याच जातीचं. समजा, मीटर ६०ला भरला की झोकांडी. तलवारीचे २५, खंजिराचे १०. तिसऱ्या तलवारीला किंवा सहाव्या खंजिराला काम होतं.

खरी मेख मीटर रिकामा होण्यात आहे. तो गळक्या बादलीसारखा सेकंदाला २०ने सतत उतरत राहिला, तर ०.६ सेकंदाला लागणाऱ्या तलवारीला चार वार पुरतात, ०.४ सेकंदाला लागणाऱ्या खंजिराला मात्र सव्वीस! दोन वारांमध्ये १०पैकी ८ गळून जातात. म्हणून गळती शेवटच्या फटक्यानंतर २ सेकंदांनी सुरू करावी. तरी एक पळवाट उरते: लांबून दर दीड सेकंदाला बाण मारला की गळती सुरूच होत नाही. तेव्हा हलक्या फटक्याने ती २ सेकंदांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ देऊ नये.

स्टॅगर चालू असताना मीटर भरू देऊ नका, नाहीतर उठता उठता पुन्हा झोकांडी. पुन्हा झोकांडी बसू नये म्हणून दिलेलं ४५ फ्रेमचं अभय स्टॅगर संपल्यावर मोजा. सुरुवातीपासून मोजलंत तर ३० स्टॅगरमध्येच जातात आणि उठल्यावर १५च उरतात. 'एआय शत्रू' असं जाहिरातीत छापल्याने यातलं काहीच टळत नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आणखी एक घोळ होतो. स्टॅगर पडद्यावरच्या फ्रेममध्ये मोजलेला आणि वार सेकंदांत. लॅपटॉप सेकंदाला ३० फ्रेमवर रखडला की ३० फ्रेमचा स्टॅगर एक सेकंदाचा होतो, तलवार मात्र ०.६ सेकंदालाच पडते. दोन्ही एकाच घड्याळावर, सेकंदांत मोजा.