हळद, ब्राह्मीचा अर्क आणि लकवा: घेण्याआधी हे वाचा

ब्राह्मी, अश्वगंधा आणि हळदीचा अर्क लकव्यात मेंदू वाचवतो, असे मेसेज मोबाईलवर फिरतात. ते दाखवून हळदीच्या कॅप्सूल विकणाऱ्या आमच्या सांगलीच्या दुकानात विचारणा होते: अंगावरून वारं गेलं तर किती द्यायचा?

अजिबात देऊ नका. अर्क नाही, काढा नाही, हळद-दूधही नाही. लकव्याच्या झटक्यात गिळण्याची ताकद जाऊ शकते आणि घोट श्वासनलिकेत उतरू शकतो.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की लगेच १०८ ला फोन करा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. जत-आटपाडीकडून येताना त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून सीटी स्कॅन आहे का, हे निघतानाच दवाखान्याला विचारा. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवा. तेल चोळत सकाळची वाट पाहू नका. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

मग अशा मेसेजमागचं संशोधन खोटं का? नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूची धमनी बारीक धाग्यानं बंद करतात, नंतर मेंदूचे काप रंगद्रव्यात ठेवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. हळदीतलं कुर्क्युमिन दिलेल्या उंदरांत पांढरा भाग कमी दिसला, सूजही कमी झाली. पण अशा कित्येक प्रयोगांत अर्क धमनी बंद करण्याआधीच दिलेला असतो. माणसाला झटक्याची तारीख आधी कळत नाही. शिवाय ते उंदीर बहुधा तरुण, निरोगी. आपल्या पेशंटला वय, बीपी, शुगर सगळंच असतं. लकव्यात मेंदू वाचवण्यासाठीचं एन-एक्स-वाय-०५९ हे औषधही असंच प्राण्यांत चाललं होतं, पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मानवी चाचणीत निष्फळ ठरलं.

सांगलीच्या राजापुरी हळदीचा आम्हाला अभिमान आहे, रोजच्या जेवणात ती जरूर वापरा. मात्र हळदीत कुर्क्युमिन असतं जेमतेम काही टक्के, आणि ते पोटातून रक्तात फार कमी उतरतं. म्हणून कॅप्सूलमध्ये ते दाट करून मिरीच्या अर्कासोबत देतात. अशा कॅप्सूलनं काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

रक्ताची गुठळी होऊ न देणारं वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन चालू असेल, तर कुर्क्युमिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आमची कॅप्सूल घेऊ नये. खरेदीला येताना चालू औषधांची चिठ्ठी आणा. डॉक्टर नको म्हणाले, तर सीलबंद बाटली आम्ही परत घेऊ, पैसे पूर्ण देऊ.