कार्ब्युरेटर गेला, सल्ले राहिले

गाडी जुनी झाली की पेट्रोल जास्त पिणारच, असं आपण गृहीत धरून चालतो. पिस्टनच्या रिंगा झिजून कॉम्प्रेशन उतरलं तर ते खरंही आहे. पण बऱ्याचदा दोष वयाचा नसतो. एखादा लहानसा भाग बिघडतो आणि धडधाकट इंजिन त्याच्यामुळे उधळपट्टी करत राहतं. आपण मात्र दुरुस्ती करत बसतो ती कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, काळात ऐकलेल्या सल्ल्यांनुसार.

उदाहरणार्थ एअर फिल्टर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. फिल्टर तुंबला की कार्ब्युरेटरला त्याचा पत्ता नसे. हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं मिश्रण होऊन अ‍ॅव्हरेज पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊनच कॉम्प्युटर पेट्रोल फवारतो. तिथे तुंबलेल्या फिल्टरमुळे पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. फिल्टर बदलाच, पण त्याने पेट्रोल वाचेल ही आशा नको.

खरी तपासणी हवी ती ऑक्सिजन सेन्सरची. हा सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात बसून जळालेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते पाहतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोलचं प्रमाण सुधारतो. वर्षानुवर्षं धुरात राहून सेन्सर सुस्तावतो. ऑक्सिजन आहे त्याहून जास्त उरलाय असं तो सांगू लागला, की कॉम्प्युटर इमानेइतबारे पेट्रोल वाढवतो. काळा धूर, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास, पेटलेला चेक इंजिन दिवा या त्याच्या खुणा. बिघाड गंभीर असेल तर दुरुस्तीनंतर अ‍ॅव्हरेज 40 टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. बाजारात मिळणारी कुठलीही ‘मायलेज वाढवणारी’ बाटली याच्या जवळपास येत नाही.

थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेकडे, तर कोणी बघतच नाही, कारण गाडी गरम होत नसेल तर तक्रार कशाची करायची? पण तो उघडाच अडकला तर कूलंट नेहमीच्या 90 अंशांच्या आसपास पोचत नाही. इंजिन अजून गार आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त देत राहतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तापमानाचा काटा खाली येत असेल, तर संशय इथेच घ्यावा.

अडकून राहिलेला ब्रेकही पेट्रोल खातो. तसं असेल तर एका चाकाची रिम इतरांपेक्षा जास्त तापते. जवळ हात नेला तरी कळतं. डिस्कला मात्र हात लावू नका.

उतारावर गाडी न्यूट्रल करणं हीही जुनीच सवय. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बहुतेक वेळा इंजेक्टर पेट्रोल पूर्ण थांबवतात; इंजिन फिरवण्याचं काम चाकं करतात. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं, शिवाय इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. पेट्रोल वाचवायच्या नावाखाली धोका पत्करून वर खर्च करायचा, हे मला आजवर उमगलेलं नाही.

टायरची हवा गार टायरवर तपासावी, रिकामा रूफ कॅरिअर उतरवून ठेवावा. वेगाचं गणित तर अगदी सरळ आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो.

यातलं काय लागू पडलं हे डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून ठरवू नये. टाकी फुल करून किलोमीटर टिपायचे, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करायची आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. एका टाकीचा आकडा रहदारीप्रमाणे बदलतो, म्हणून तीन-चार टाक्यांची सरासरी धरावी. आणि एका वेळी एकच दुरुस्ती करावी.