सायरनला शेपूट केव्हा फुटले?

गिरणीचा भोंगा असो वा रुग्णवाहिकेचा, ‘सायरन’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहे. ग्रीक पुराणकथांतील ज्या गाणाऱ्या स्त्रियांवरून तो आला, त्यांचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक जण खडकावर बसून केस विंचरणारी मत्स्यकन्या काढतील. प्राचीन ग्रीकांना मात्र ते चित्र ओळखू आले नसते, कारण त्यांच्या सायरनला शेपटी नव्हती; पिसे होती.

होमरच्या ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात सायरन दोन आहेत, हे द्विवचनी रूपावरून कळते (संस्कृतप्रमाणे प्राचीन ग्रीकमध्येही द्विवचन आहे). त्या दिसतात कशा, याविषयी मात्र कवी अवाक्षर काढत नाही. त्या कुरणात बसलेल्या असतात आणि भोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग असतो. त्यांच्या गाण्याच्या मोहात पडून जीव जाऊ नये, म्हणून काव्याचा नायक ओडिसियस आपल्या जहाजावरील खलाशांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. विशेष म्हणजे सायरन त्याला रूपाची नव्हे, तर ज्ञानाची लालूच दाखवतात: ट्रॉयच्या युद्धात काय काय घडले, हे सारे आपल्याला ठाऊक असल्याचे त्या सांगतात.

रूपाचा पुरावा मिळतो तो मातीच्या भांड्यांवर. इटलीतील वुल्ची येथे सापडलेले आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले इ.स.पू. 480च्या सुमाराचे एक अथेनियन भांडे पाहावे. डोलकाठीला बांधलेल्या ओडिसियसची मान मागे कललेली आहे, दोन कड्यांवर दोन सायरन बसल्या आहेत आणि तिसरी मिटल्या डोळ्यांनी समुद्रात उलटी कोसळते आहे. तिघींचेही धड पक्ष्याचे आणि डोके स्त्रीचे आहे. पुढे अथेन्सच्या थडग्यांवर अशाच पंखधारी सायरन मृतासाठी शोक करताना कोरल्या गेल्या. रोमन कवी ओव्हिडने तर त्यांना पंख का आले, याचीच कथा सांगितली.

माशाची शेपटी लिखित स्वरूपात आढळते ती बऱ्याच नंतर, सातव्या-आठव्या शतकांतील एका लॅटिन ग्रंथात. अद्भुत प्राण्यांच्या त्या यादीत सायरन म्हणजे कमरेखाली खवले असलेल्या सागरकन्या आहेत. अर्धी स्त्री आणि अर्धा मासा ही कल्पना तेव्हा नवी नव्हती, कारण सीरियाची देवता डेर्केतो तशीच वर्णिलेली आहे; नवीन होते ते सायरनचे नाव तिला चिकटणे. लॅटिनमधील ‘पिन्ना’ या शब्दाचा अर्थ पीसही होतो आणि माशाचा परही, तेव्हा गोंधळ तिथून सुरू झाला असावा, असा एक तर्क आहे. तो मोहक असला, तरी एका शब्दावर एवढा भार टाकणे मला धाडसाचे वाटते, कारण पुढची कित्येक शतके दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली आणि काही हस्तलिखितांत तर एकाच सायरनला नखे आणि शेपटी दोन्ही दिली गेली. अखेर शेपटीची सरशी झाली. आज फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये मत्स्यकन्येला सायरनच्याच नावाने ओळखतात.

समुद्रगायी पाहून खलाशांनी सायरन कल्पिल्या, असे सर्रास सांगितले जाते. पण हा क्रम उलटा आहे. होमरच्या भूमध्य समुद्रात मॅनाटी आणि डुगाँग यांपैकी कोणतीच समुद्रगाय नाही. कोलंबसने 9 जानेवारी 1493 रोजी कॅरिबियनमध्ये तीन ‘सिरेना’ पाहिल्या आणि त्या चित्रांतल्याइतक्या सुंदर नसल्याची नोंद केली. त्या बहुधा मॅनाटी असाव्यात, पण चित्र त्याच्या मनात आधीच तयार होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ इलिगर याने 1811 मध्ये या प्राण्यांच्या गणाला ‘सायरेनिया’ हे नाव दिले. पुढे 1819 मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने आपल्या ध्वनियंत्राला ‘सायरन’ म्हटले, ते यंत्र पाण्याखालीही वाजत असे म्हणून; तोवर ही पक्षिणी पुरती जलचर झाली होती.

हत्तीचे नातलग असलेले डुगाँग आपल्याकडे कच्छच्या आणि मन्नारच्या आखातांत समुद्री गवतावर चरतात. ते गात नाहीत, पण पाण्याखाली एकमेकांना जे आवाज देतात, त्यांत पक्ष्यांसारखी चिवचिव असते.