फ्यूगमध्ये बोट उचलायचं कधी?

फ्यूग म्हणजे एकच धून वेगवेगळ्या आवाजांत (स्वतंत्र सुरावटींत) एकामागून एक येते आणि ते आवाज एकत्र गुंफले जातात अशी रचना. पियानोवर डावा-उजवा हात स्वतंत्र चालला की फ्यूग जमतो, असं समजतात. मग तीन आवाजांसाठी तिसरा हात कुठून आणायचा?

जर्मन संगीतकार बाखच्या १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या संग्रहातला तीन आवाजांचा सी मायनर फ्यूग घ्या. जेमतेम ३१ बार (तालाची आवर्तनं). दोन बारांची मुख्य धून आधी मधल्या आवाजात येते, तिसऱ्या बारात वरच्या, सातव्यात खालच्या. तिथून मधल्या आवाजाला स्वतःचा हात नसतो; जो हात मोकळा असेल त्याच्या उरलेल्या बोटांवर तो चालतो.

खरी अडचण पियानोच्या पोटात आहे. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. तळ गाठण्याच्या किंचित आधी यंत्रणा हातोडीला मोकळं सोडते आणि हातोडी आपल्या वेगानं तारेवर आदळते. नंतर बोट कितीही दाबा, स्वर फुगत नाही. तो विरतच जातो. बोटाच्या हाती दोनच गोष्टी: हातोडीचा वेग आणि पट्टी सोडण्याचा क्षण. पट्टी सुटली की डँपर, म्हणजे तार थांबवणारी मऊ गादी, तारेवर बसतो, स्वर संपतो. जोरात दाबलेल्या पट्टीची हातोडी लवकर पोचते, त्यामुळे एकत्र दाबलेल्या स्वरांतला ठळक स्वर सुमारे ३० मिलिसेकंदांपर्यंत आधी वाजतो. वादक हे मुद्दाम करत नाही.

म्हणून लांब स्वर थोडा जोरात लावायचा, आणि त्याच आवाजातला पुढचा स्वर आधीच्या विरलेल्या पातळीला जुळवायचा. नाहीतर ओळ तुटते.

सरावाआधी तिन्ही आवाज तीन रंगांनी रंगवा, कुठला स्वर कुठल्या बोटानं, ते आकडे (अंगठा १, करंगळी ५) पक्के लिहा. एकेक आवाज त्याच बोटांनी वाजवा, अवघडलं तरी. एकट्या आवाजाला सोपी बोटं लावली, तर एकत्र वाजवताना सगळं नव्यानं शिकावं लागतं. मग जोड्या: वरचा-खालचा, मधला-खालचा, शेवटी वरचा-मधला. ही सर्वांत अवघड, कारण एकाच हाताचं एक बोट पट्टी धरून असतं आणि बाकीची धावतात. धरलेली पट्टी न सोडता चौथ्याच्या जागी पाचवं बोट सरकवायला इथंच शिकावं लागतं. नंतर दोन आवाज वाजवून तिसरा गा. चुका शोधायच्या त्या स्वर सुटण्याच्या जागी. पेडल दाबून त्या झाकू नका. पेडल सगळे डँपर एकदम उचलतं आणि तिन्ही आवाजांचा चिखल होतो.



धून आली की ती ठोकू नका, बाकीचे दोन आवाज खाली आणा. शेवटी खालचा सी धरलेला असतो आणि वर धून पुन्हा येते. तो सी भक्कम लावा. जाड तारा उशिरा विरतात, त्यामुळे तो शेवटच्या बारापर्यंत पुरतो.