एचआयव्हीचे उत्परिवर्तन आणि त्याचा प्रसार : पार्श्वभूमी

एड्स घडवणारा एचआयव्ही हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणजेच त्याचे उत्परिवर्तन होते, म्हणूनच तो जगभर पसरला, असे सर्रास म्हटले जाते. या विधानाचा पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र जपून तपासावा लागतो, कारण शरीराच्या आत होणारे बदल आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे होणारा प्रसार यांची गती आणि गरज वेगवेगळी आहे.

बदलाचे मूळ विषाणूच्या नक्कल करण्याच्या रीतीत आहे. एचआयव्हीचा सुमारे ९,७०० अक्षरांचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो आणि पेशीत शिरल्यावर त्याची डीएनए प्रत तयार होते. हे काम करणारे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाचे विकर (एन्झाइम) हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये, म्हणजे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एचआयव्ही वेगळा केला जाण्याच्या तेरा वर्षे आधी, अन्य विषाणूंमध्ये स्वतंत्रपणे शोधले होते. हे विकर आपले लिखाण पुन्हा वाचून पाहत नाही, त्यामुळे चुका तशाच राहतात. उपचार न घेतलेल्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणूकण तयार होतात, असा हिशेब १९९६ मध्ये मांडला गेला. एवढ्या प्रतींत जवळपास प्रत्येक अक्षर रोज कुठे ना कुठे चुकतेच. शिवाय एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू शिरले, तर त्यांच्या मजकुरांची सरमिसळही होते.

या गर्दीतून प्रतिकारशक्तीला चुकवणारे विषाणू टिकतात. परंतु दुसऱ्या शरीरात शिरताना ही सारी विविधता जवळपास पुसली जाते. लैंगिक संबंधातून झालेल्या बहुतेक संसर्गांची सुरुवात एकाच विषाणूपासून होते, असे २००८ मधील अभ्यासातून दिसले, आणि तो विषाणू सहसा पेशीवरील सीसीआर५ या ग्राहकाचा, म्हणजे ज्याला चिकटून विषाणू आत शिरतो त्या प्रथिनाचा, आधार घेणारा असतो. आजार बळावल्यावर काही रुग्णांमध्ये सीएक्ससीआर४ हा दुसरा ग्राहक वापरणारे विषाणू निर्माण होतात, ते अधिक घातकही ठरतात. पण पुढच्या माणसात क्वचितच रुजतात. घरात उपयोगी पडलेला बदल उंबरठ्यावर निरुपयोगी ठरतो, तो असा.

प्रसारावर खरोखर परिणाम करणारा एक बदल फार जुना आहे. मानवी पेशीतील टेथरिन हे प्रथिन बाहेर पडणाऱ्या विषाणूकणांना पेशीच्या कडेलाच अडकवून ठेवते. एचआयव्हीचा पूर्वज असलेला चिंपांझींमधील विषाणू त्यांच्या टेथरिनचा बंदोबस्त नेफ या प्रथिनाने करत असे. मानवी टेथरिनमध्ये नेफ ज्याला पकडतो तो छोटा तुकडाच नाही. एचआयव्हीच्या जगभर पसरलेल्या एम या गटात हे काम व्हीपीयू या वेगळ्या प्रथिनाने उचलले. चिंपांझी आणि गोरिला यांच्यापासून माणसात आलेल्या एन, ओ आणि पी या गटांचा फैलाव मात्र फारच मर्यादित राहिला. अर्थात केवळ व्हीपीयूमुळे महासाथ झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आग्नेय कॅमेरूनमध्ये माणसात शिरलेल्या या विषाणूला पुढे काँगोतील किन्शासासारखे वाढते शहर आणि तेथून निघणारे रेल्वेमार्ग मिळाले.

हा प्रवास कळला, तोही उत्परिवर्तनामुळेच. किन्शासात, तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलमध्ये, १९५९ मध्ये घेतलेला रक्ताचा नमुना आणि १९६० मध्ये मेणात जपलेला एका स्त्रीच्या लसिकाग्रंथीचा तुकडा यांतील विषाणू एकमेकांपासून बरेच भिन्न निघाले. एवढा फरक साचायला किती काळ लागला असेल, हे बदलाच्या वेगावरून मोजल्यावर २००८ मध्ये त्यांचा समान पूर्वज विसाव्या शतकाच्या आरंभी नेला गेला.

पसरण्याचा मार्ग मात्र या साऱ्या बदलांत बदललेला नाही. रक्त, लैंगिक संबंध, आई ते मूल, एवढेच मार्ग आजही आहेत. डासामार्फत तो पसरेल ही भीती निराधार आहे. बदलू शकते ती तीव्रता. नेदरलँड्समध्ये आढळलेला व्हीबी हा प्रकार २०२२ मध्ये जाहीर झाला. उपचारांपूर्वी त्या रुग्णांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण इतरांपेक्षा साडेतीन ते साडेपाच पट होते आणि सीडी४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांना लक्ष्य करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, दुप्पट वेगाने घटत होत्या. तरीही नेहमीच्या औषधांनी तो आटोक्यात येतो, आणि २०१० च्या सुमारापासून त्याचा फैलाव ओसरू लागला होता.